सांदीपलीकडची चक्की

गाव तीनशे उंबऱ्यांचं, वर्धा आणि यवतमाळच्या मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यातलं. गावठाणात दोन घरं लागून, मधे ३ फुटांची सांद. एका बाजूला टिनाच्या शेडमध्ये साडेसात एचपीची दगडी चक्की आणि तिच्या बाजूला मिरची-हळदीचं कांडप. दुसऱ्या बाजूच्या घरात आजारी आजी, तिचा मुलगा-सून, बारावीतली नात आणि धाकटा नातू. तक्रार एका ओळीची: झोप नाही, अभ्यास नाही, आणि भांड्यांची फळी दिवसभर खणखणते.

(हे कुठल्या एका घराचं प्रकरण नाही. गावातल्या चक्कीवरून जसे तंटे होतात, तसं ते नमुन्यासाठी बांधलं आहे. आकडे मुद्दाम असे घेतले आहेत की वाचणाऱ्याला हिशोब करून ताडून पाहता यावेत.)

चक्कीचा तंटा डीजेच्या तंट्याहून अवघड. डीजे एका रात्रीचा असतो आणि रात्री १० नंतर तो सरळ बेकायदा ठरतो. ११२ ला फोन लावला की निदान गाडी तरी येते. चक्की रोजची. शिवाय तक्रार करणाऱ्याच्या घरचं दळणही तिथंच पडतं, आणि ती बंद पडली तर अर्ध्या गावाला डबे घेऊन बाजूच्या गावी जावं लागतं. म्हणजे तक्रार एका शेजाऱ्याविरुद्ध केली तरी समोर गाव उभं राहतं.

पहिला महिना वाया गेला तो असा

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. रात्री साडेदहाला चक्की सुरूच. नातीचे वडील बाहेर आले, सांदीतूनच ओरडले. चक्कीवाला तिशीतला, त्यानंही तिथूनच उत्तर दिलं: "काकाजी, लाईन आत्ता आली. लोकाइचे डब्बे सकाळपासून पडले हायेत, मी काय करू?" मशीन चालू असताना झालेलं बोलणं. एकाला दुसऱ्याचं अर्धंच ऐकू आलं, आणि दोघांनाही समोरचा शिव्या देतोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरपंचाकडे तोंडी तक्रार गेली. चक्कीवाल्यानं रागानं दोन दिवस चक्कीच बंद ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की बाजूवाल्यानं बंद करायला लावली. दोन दिवसांत बाया तक्रारदाराच्या दारावरून जाताना तोंड फिरवायला लागल्या. सरपंचानं अंग काढून घेतलं. त्याच्या घरचा डबाही तिथंच होता.

मग दोन्हीकडून खर्च झाले आणि दोन्ही फुकट गेले. घरवाल्यानं, म्हणजे नातीच्या वडिलांनी, सांदीत आपल्या बाजूनं ६ फूट उंच, चार इंची भिंत घातली. काहीच फरक पडला नाही, आणि पडणार नव्हता. शेडची भिंत ९ फुटांची, आवाज निघत होता तिच्या माथ्यावरून, आणि तिथून खिडकीपर्यंतची वाट ६ फुटांच्या भिंतीच्या वरून सरळ मोकळी होती. आडोसा आवाजाची सरळ वाट अडवत असेल तरच कामाचा. आवाज निघतो ती जागा खिडकीतून दिसत असेल तर भिंत नुसती शोभेची. उलट अरुंद सांदीत दोन टणक भिंती समोरासमोर आल्या की आवाज त्यांच्यात आपटत राहतो.

चक्कीवाल्यानंही, कुणी सांगितलं म्हणून, चक्कीच्या पायाखाली ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. धडधड वाढली. त्याला वाटलं टायर कडक झालेलं असेल. कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

वही

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून घरवाल्यानं पंधरा दिवस वही ठेवली. असल्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम हेच. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, चक्की की कांडप, लाईन केव्हा गेली केव्हा आली. एवढंच. "फार त्रास झाला" असलं काही लिहायचं नाही. पुढे वही कुणासमोर ठेवायची वेळ आली तर असल्या ओळींमुळे बाकीच्या नोंदींचंही वजन जातं.

पंधरा दिवसांनी वहीतून दोन गोष्टी दिसल्या. रात्री १० नंतर चक्की पंधरापैकी सहाच दिवस चालली होती, आणि सहाही दिवशी संध्याकाळी लाईन गेलेली होती किंवा चक्कीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे "दाब नव्हता", म्हणजे व्होल्टेज कमी होतं. घरच्यांना मात्र रोज रात्री चक्की चालते असंच वाटत होतं. त्रासाच्या रात्री लक्षात राहतात, शांत रात्री राहत नाहीत.

दुसरी गोष्ट: भांडी खणखणायची ती कांडप चालू असताना नव्हे, चक्की चालू असताना. कांडपाचा आवाज दुप्पट मोठा, पण फळी शांत. म्हणजे त्रास एक नव्हता, दोन होते. एक हवेतून येणारा, एक जमिनीतून.

तीन वेळा सुरू करा, तीन वेळा ऐका

वही घेऊन घरवाला दुपारी, चक्की बंद असताना गेला. हे महत्त्वाचं. "भाऊ, बंद कर असं नाही म्हणत मी. तुह्या चक्कीचंच पीठ खातो आमी. कोणता आवाज कुठून येते, तेवढं दोघं मिळून पाहू एकदा." चक्कीवाला तयार झाला, कारण टायर घातल्यापासून त्याचा पट्टा वारंवार उतरत होता आणि तोही वैतागला होता.

चाचणी सोपी आहे, अर्धा तास लागतो. पट्टा उतरवून नुसती मोटार चालवायची. मग पट्टा चढवून, दगड एकमेकांपासून उचलून चक्की रिकामी फिरवायची. मग दाणे सोडून दळायचं. प्रत्येक वेळी एक माणूस चक्कीजवळ, दुसरा शेजारच्या खोलीत. तिथं भिंतीला तळहात लावायचा आणि फरशीवर काठोकाठ पाण्यानं भरलेली वाटी ठेवायची. हादरा असेल तर पाण्यावर वलयं उठतात. कानाला फसवता येतं, वाटीला नाही.

नुसत्या मोटारीला वाटी शांत, फक्त बारीक गुणगुण. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० हेलकाव्यांच्या) विजेवर चालणारी मोटार १०० हर्ट्झवर गुणगुणतेच. तेवढ्यानं कुणाची झोप मोडत नाही. पट्टा चढवल्याबरोबर वाटीत वलयं आली, आणि सोबत एक स्पष्ट टक-टक.

इथं घड्याळ काढून ठोके मोजायचे. मोटारीचे फेरे मिनिटाला १४४०, मोटारीवरची पुली ६ इंची, म्हणजे पट्टा सेकंदाला साधारण साडेअकरा मीटर पळतो. पट्टा ५ मीटर लांबीचा, तर त्याचा जोड सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा पुलीवरून जातो. दहा सेकंदांत २३ च्या आसपास ठोके मोजले गेले, तर दोषी पट्ट्याचा जोड. जुन्या चपट्या पट्ट्याचे दोन्ही टोक लोखंडी क्लिपा ठोकून जोडलेले असतात, आणि ती क्लिप दर फेऱ्याला पुलीवर आपटते. दगडाकडची पुली १४ इंची, ती सेकंदाला दहा फेरे घेते. त्या वेगाचे ठोके मोजताच येत नाहीत, ते धडधडीसारखे लागतात. दगड किंवा त्याची पुली एका बाजूला जड असेल तर अशी धडधड येते.

या चक्कीत दोन्ही होतं. टक-टक क्लिपेची. धडधड फिरत्या दगडाची. त्याची एक कड फुटलेली होती आणि कधीतरी सिमेंटनं भरून काढलेली, तेही अर्धवट.

टायरचा घोळ इथं उलगडतो. रबर हे स्प्रिंगसारखं आहे. मशीनचं वजन आणि रबराची ताठरता मिळून त्या बैठकीची स्वतःची एक हेलकाव्याची चाल ठरते. हादरा त्या चालीच्या दीडपटीहून बराच जलद असेल तर रबर त्याला अडवतं. हादरा तेवढ्याच चालीचा असेल तर झोका दिल्यासारखा वाढवतं. अर्ध्या-एक इंचाच्या रबरावर ठेवलेल्या जड मशीनची चाल बहुधा सेकंदाला १० ते २० च्या घरात पडते. दगडाची धडधड १०ची. म्हणजे रबर नेमकं चुकीच्या ठिकाणी बसलं. १०० हर्ट्झची गुणगुण त्यानं कमी केली असेल, पण गुणगुणीची तक्रार कुणाची नव्हतीच. धडधड रबरानं जात नाही, तिचं मूळ काढावं लागतं.

शेवटची गोष्ट या चाचणीत अचानक सापडली. रिकामी चक्की, दगड न उचलता, दळणाऱ्या चक्कीपेक्षा जास्त ओरडत होती. एक डबा संपला आणि दुसरा चढवेपर्यंत चक्कीवाला दगड टेकलेलेच ठेवायचा, कारण चाक फिरवून दगड उचलायचा आणि परत बसवायचा कंटाळा. दाणे नसले की दगडावर दगड घासतो. आवाज तर होतोच, दगडाची टाकीही (त्यावर छिन्नीनं पाडलेल्या खाचा) लवकर जाते आणि पिठात कचकच येते. उचलण्याची सवय लावली तर खर्च शून्य.

आकडे

मोजणी मोबाइलच्या ॲपवर झाली. ॲपचा आकडा कायद्यापुढे पुरावा म्हणून उभा राहत नाही, त्यात चार-पाच डेसिबलची चूक सहज असते. पण तोच फोन, तीच जागा आणि तीच उंची ठेवली तर आधीचा-नंतरचा फरक बऱ्यापैकी खरा मिळतो. खिडकीच्या लगेच बाहेर, छातीच्या उंचीला फोन, पाच मिनिटांची सरासरी, वारा नसताना. ॲपमध्ये 'ए' वजन (माणसाच्या कानाला लागतो तसा आवाज मोजण्याची सोय) निवडलेलं असावं.

सगळं बंद असताना संध्याकाळी ४४. चक्की दळत असताना ६३. रिकामी घासत असताना ६९. कांडप ७४. चक्की आणि कांडप दोन्ही मिळून? ७४च. डेसिबलची बेरीज साधी होत नाही. मोठ्या आवाजात त्याहून ११ नं कमी असलेला आवाज मिळवला तर फरक पाव-अर्धा डेसिबलचा पडतो. म्हणून कांडप चालू असताना चक्की बंद ठेवायचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. हवेतल्या आवाजापुरतं पाहिलं तर दोन्ही एकाच वेळी चालवून लवकर संपवलेलं बरं.

शेडच्या आत कांडपाजवळ ९४, चक्कीजवळ ८२. यात चक्कीवाल्याच्या वागण्याचं अर्धं कोडं सुटतं. ८५ च्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं उभा राहणारा माणूस हळूहळू बारीक आवाज ऐकायचा बंद होतो. "एवढा कुठं आवाज आहे?" हे तो खोटं बोलत नसतो. त्याच्या कानाला तो तेवढाच असतो. कानात घालायचे फोमचे बोळे ही चक्कीवाल्यासाठीची गोष्ट आहे, शेजाऱ्यासाठीची नव्हे.

वीतभर फट

आता हवेतला आवाज. शेडची सांदीकडची भिंत ९ इंची, विटांची, दोन्हीकडून प्लास्टर. अशी भिंत ४५ डेसिबलच्या आसपास अडवते. म्हणजे आत ९४ असेल तर बाहेर पन्नाशीच्या आत यायला हवं. मिळत होतं ७४. मधले वीस-पंचवीस गेले कुठं?

वर पाहिलं तर दिसतं. भिंतीचा माथा आणि टिनाचं छप्पर यांच्यात वीतभर जागा, हवा खेळावी म्हणून सोडलेली. लांबी १८ फूट, उंची अर्धा फूट, म्हणजे ९ चौरस फूट. खालची भिंत १८ बाय ९, म्हणजे १६२ चौरस फूट. एकूण क्षेत्राच्या जेमतेम ५ टक्के फट. पण आवाजाच्या हिशोबात १०० भागांत ५ भाग उघडे असले की बाकीची भिंत कितीही जाड असो, सगळी मिळून १३ डेसिबलच्या वर अडवूच शकत नाही. १ टक्का फट असेल तर २०. भिंत नऊची अठरा इंची केली असती तरी आकडा १३च राहिला असता. भिंत जाड करायला निघालेल्या प्रत्येकाला आधी शिडी लावून वर पाहायला सांगावं.

फट बुजवताना तीन चुका होतात. पहिली, कापूस किंवा बारदाना कोंबणं. आपल्या भागात दोन्ही मुबलक, म्हणून हात तिकडेच जातो. पण पिठाची धूळ मुळातच सहज पेट घेणारी, तिच्यात कापूस म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय उंदीर. दुसरी, विटा रचून वर सिमेंटचा लेप थेट टिनाला चिकटवणं. विदर्भाच्या उन्हात टिन दुपारी तापतं आणि पहाटे गार होतं. १८ फुटांच्या लांबीत दोन-अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. महिनाभरात चीर पडते आणि चिरेतून परत आवाज. इथं विटा रचून टिनाच्या खाली इंचभर जागा सोडली, टिनाच्या नागमोडीत बसेल अशी फोमची पट्टी चिकटवली आणि तिच्या खालच्या अंगाला मालानं भरून घेतलं. टिन सरकतं, पट्टी दबते, माल फुटत नाही.

तिसरी चूक सगळ्यात धोक्याची: सगळीकडून बंद करणं. साडेसात एचपीची मोटार जेवढी वीज ओढते ती जवळपास सगळी शेवटी उष्णतेत जाते, साडेपाच-सहा किलोवॉटची शेगडीच म्हणा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना बंद शेडमध्ये मोटार जळेल, आणि धूळ साठेल ती वेगळीच. म्हणून सांदीकडे बुजवली तेवढीच जागा रस्त्याच्या बाजूला उघडली: खाली दोन जाळ्या, वर एक एक्झॉस्ट पंखा. रस्त्यापलीकडे पडीक जागा होती. ती नसती आणि समोर दुसरं घर असतं, तर हा त्रास नुसता एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेला असता; तिथं वळणाचा, आतून अस्तर लावलेला हवेचा बोगदा करावा लागतो आणि ते काम महागाचं.

कांडप याच वेळी सांदीकडच्या भिंतीपासून उचलून रस्त्याकडच्या कोपऱ्यात नेलं.

चक्कीवरचं काम

चपटा पट्टा काढून बी सेक्शन मापाचे तीन व्ही-पट्टे (इंग्रजी V सारख्या निमुळत्या कापाचे), त्यांच्या खाचांच्या दोन पुल्यांसह. व्ही-पट्टे बिनजोड असतात, म्हणून टक-टक मुळातच नाहीशी होते. तिन्ही एकदम बदलायचे. एक जुना दोन नवे ठेवले तर सगळा भार नव्यांवर येतो आणि जुना फडफडतो. ताण पाहायला दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबायचं: मीटरभर अंतराला साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे. याहून सैल असेल तर पट्टा घसरून किंचाळतो, घट्ट असेल तर बेअरिंग खातो. पुल्या एका रेषेत आहेत का ते सूत ताणून पाहायचं. सूत दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना टेकलं पाहिजे.

फुटका दगड बदलला. डागडुजी करून चालवण्याचा मोह टाळला हे बरं झालं, कारण मिनिटाला सहाशे फेरे घेणाऱ्या दगडातून सिमेंटचा गोळा सुटला तर तो आवाजाचा प्रश्न राहत नाही. टायर काढून टाकले आणि चक्की परत थेट पायावर, नटबोल्ट आवळून बसवली.

पाया मात्र सोपा नव्हता. चक्कीचा सिमेंटचा ठोकळा आणि शेडची फरशी एकत्र ओतलेली, आणि फरशी थेट भिंतीपर्यंत गेलेली. म्हणजे हादऱ्याला पक्का रस्ताच. ठोकळ्याभोवती २ इंच रुंद खाच कापून फरशी वेगळी केली, खाचेत थर्माकोलच्या पट्ट्या आणि वरून डांबर. हे पूर्ण औषध नाही. सेकंदाला दहाच्या चालीचा हादरा खालच्या मातीतून जायचा तेवढा जातोच. फरशीतून जाणारा वाटा कमी झाला, इतकंच. नवीन शेड बांधणाऱ्यानं मात्र ठोकळा पहिल्यापासूनच वेगळा ओतावा, मशीनच्या वजनाच्या निदान तिप्पट वजनाचा, काळी माती काढून खाली मुरूम घट्ट ठोकून.

पुढची मोजणी त्याच खिडकीपाशी: चक्की ५१, कांडप ६४. वाटीत वलयं जवळजवळ नाहीत. भांडी गप्प.

कागद

मशीन सुधारलं तरी वेळेचा प्रश्न उरला होता. तो तंटामुक्त समितीसमोर मिटला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ सालची. बऱ्याच गावांत समिती आता नावापुरती आहे, पण रजिस्टरात नोंद करून दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्यायला ती अजूनही उपयोगी पडते.

कागदावर पाच कलमं आली. चक्की सकाळी ७ ते रात्री ८. कांडप फक्त मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी १२ ते ४, मिरचीच्या हंगामातसुद्धा. बारावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ६ नंतर काहीच नाही. वेळापत्रकाची प्रत शेडच्या दारावर लावायची. आणि पाचवं, ज्याच्यावाचून बाकी चारही आठवडाभरही टिकली नसती: लाईन गेली तर काय. संध्याकाळी ४ ते ८ मध्ये जेवढा वेळ लाईन गेली असेल तेवढा वेळ पुढे चालवता येईल, पण रात्री साडेनऊच्या पुढे कोणत्याही कारणानं नाही. उरलेले डबे दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले. ज्या गावात विजेचा भरवसा नाही तिथं नुसती "रात्री ८ ला बंद" अशी अट घालणं म्हणजे ती मोडायला लावणंच आहे.

रात्री चालवण्याचं दुसरं कारण दाबाचं होतं. संध्याकाळी सातला स्टार्टरवरचा व्होल्टमीटर ३६० दाखवायचा. नियम ४१५ व्होल्टला सहा टक्क्यांच्या चढउताराचा, म्हणजे ३९० च्या खाली यायला नको. कमी दाबावर मोटार जास्त करंट ओढते, तापते, रेंगाळते. म्हणून चक्कीवाला गाव झोपल्यावर दाब वाढायची वाट पाहायचा. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज गेला, सात दिवसांच्या आकड्यांसह, आणि त्यावर चक्कीवाल्यासोबत तक्रारदाराचीही सही. प्रकरणातला सगळ्यात हुशारीचा कागद हाच म्हणावा लागेल.

कायद्याचा रस्ता गेला असता तर

तो रस्ता वापरावा लागला नाही, पण तिथं काय हातात येतं हे बोलणी सुरू करण्याआधी माहीत असावं. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. आवाज या मर्यादेपेक्षा १० किंवा जास्त डेसिबलनं वर गेला तर प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेला, पोलीस उपअधीक्षकाहून खालचा नसलेला अधिकारी. सोप्या भाषेत दिवसा ६५, रात्री ५५.

गोम अशी की ही मर्यादा त्या त्या क्षणाच्या आकड्याची नाही, सगळ्या दिवसाच्या किंवा सगळ्या रात्रीच्या सरासरीची आहे. ६३ ची चक्की दिवसाच्या १६ तासांपैकी ६ तास चालली तर सरासरी ५९ च्या आत येते. तक्रार बसत नाही. त्यात ७४ चं कांडप ३ तास धरलं तर सरासरी ६७ वर जाते, आणि बसते. आणि रात्री तीच ६३ ची चक्की १० नंतर नुसती दीड तास चालली तर ८ तासांची सरासरी ५५ च्या थोडी वर पडते. म्हणजे घरवाल्याची बाजू दिवसाच्या चक्कीबाबत लंगडी होती, मिरचीच्या हंगामात आणि रात्री १० नंतर भक्कम होती. वेळेचा आग्रह धरायचा कुठं आणि सोडायचा कुठं हे यावरून ठरलं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) उपविभागीय दंडाधिकाऱ्याला उपद्रवी धंदा थांबवण्याचा किंवा नियमात आणण्याचा सशर्त आदेश देऊ देतं. पण तो उपद्रव सार्वजनिक हवा, वस्तीला होणारा. एकाच घराची तक्रार असेल तर अर्ज तिथंच अडखळतो आणि दिवाणी न्यायालयातला मनाई हुकूम हाच रस्ता उरतो. तो वर्षांच्या हिशोबातला. कुठल्याही अर्जाआधी ग्रामपंचायतीकडे चक्कीला ना-हरकत दाखला आहे का आणि कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात विचारावं: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. दाखल्यात वेळेची अट असेल तर बाकी कशाचीच गरज पडत नाही. मात्र हा अर्ज गावात लपून राहत नाही, हेही धरून चालावं.

उरलेलं

कांडप अजून ६४ आहे. मंगळवार-शुक्रवार दुपारी आजीला मागच्या खोलीत झोपवतात. टिनाच्या छपरातून जाणारा आवाज तसाच आहे. पातळ पत्र्याकडून फार अपेक्षा नसते, आणि छपराला अस्तर लावणं दोघांच्याही ऐपतीबाहेरचं होतं. खर्च वाटला गेला तो असा: पट्टे, पुल्या, दगड चक्कीवाल्याचे, कारण ते त्याला आज ना उद्या करायचेच होते, फट बुजवणं आणि पंखा निम्मा-निम्मा, सांदीतली ६ फुटांची भिंत ज्यानं बांधली त्याच्याच माथी, आणि आता तिच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे.

पावसाळ्यात काळी माती फुगते, दिवाळीनंतर आकसून भेगाळते, आणि चक्कीचा ठोकळा दरवर्षी एखाद-दोन मिलिमीटर कलतो. पुल्यांची रेष बिघडते, पट्टे कुरकुरतात. म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला नंतर पेनानं एक ओळ वाढवली गेली: दसरा झाल्यावर आणि होळीच्या आधी, दोघांनी मिळून सूत लावून पाहायचं, आणि वाटी भरून ठेवायची.